उंबऱ्याबाहेरची हॅट

माझ्या लग्नात नवरदेवाच्या आधी एक हॅट आली आणि निम्मं गाव तिच्याच मागे लागलं. नवरदेव दुसऱ्या दिवशी आला, घोड्यावर बसून, वाजतगाजत. लोकांनी वर बघितलं, "हाव, चांगला हाय पोरगा," म्हणाले, आणि पुन्हा हॅटीच्या गोष्टीकडे वळले. याचा राग माझ्या मनात बरीच वर्षं होता. आता नाही. ती हॅट माझ्याच फडताळात आहे, एका बाजूने काठ कुरतडलेली. "उंदरानं खाल्ली का गं आजी?" असं नातवंडं विचारतात. उंदराने नाही, शेळीने. पण शेळीच्या आधी माणसांचं सांगायला हवं, कारण शेळीपेक्षा तीच जास्त हट्टी होती.

आमचं गाव अहमदपूरपासून दोन कोसांवर. राज्य निजामाचं. त्या काळी माणूस लांबून येताना दिसला की आधी त्याचं डोकं ओळखायचं, तोंड नंतर. पटका असेल तर कुठल्या गावचा, ते बांधणीवरून कळायचं. काळ्या गोंड्याची लाल रुमी टोपी दिसली की तहसिलातला माणूस. आणि उघडं डोकं दिसलं तर बायका हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या, कारण उघड्या डोक्याने चालत येणारा माणूस कुणीतरी गेल्याचा सांगावाच घेऊन यायचा.

माझे वडील शेषेराव. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. रोज सकाळी ते ओसरीवर पागोटं बांधायचे आणि त्याचं दुसरं टोक मी धरायची. "ताणून धर. ढिलं सोडू नको," हे इतक्यांदा ऐकलं की अजून कुणी दोरी हातात दिली तरी मी मागे रेलते. संध्याकाळी पागोटं सोडलं की कपाळावर लाल वळ दिसायचा. पागोटं सैल तो माणूस सैल, असं आबांचं ठाम मत होतं, आणि त्या मतापायी आमच्या घरात सात वर्षं एक माणूस आला नाही.

तो माणूस माझा मामा, हणमंत. मायचा एकुलता एक भाऊ, तिच्याहून धाकटा. तो नांदेडला पैमाइश खात्यात होता. रानोमाळ साखळ्या टाकून जमिनी मोजायच्या, दुर्बिणीला डोळा लावून दिवसभर उन्हात उभं राहायचं, हे त्याचं काम. माझे आजोबा, म्हणजे मायचे वडील, वारले तेव्हा चौदाव्या दिवशी मुलाच्या डोक्यावर दुखवट्याचं पागोटं बांधायचं होतं. आमच्याकडे ते जावयाने बांधायची रीत. आबांनी नवं कोरं पागोटं आणलं आणि आपल्या पद्धतीने, गुडघा टेकवून, करकचून बांधलं. पंगत बसली. मामा जेवता जेवता उठला आणि गोठ्याकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात पागोट्याची घडी होती आणि डोक्यावर हॅट.

आबा भरल्या ताटावरून उठले. "मी बांधलेलं पागोटं उतरून यानं टोपलं घातलं," ते सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर म्हणाले. "आता डोक्यावरचं माझ्या पायाशी ठिवील तवाच हा माझा उंबरा ओलांडील."

डोक्यावरचं दुसऱ्याच्या पायाशी ठेवणं ही साधी गोष्ट नव्हती. माणूस जन्मात एकदा तसं करतो. जिवाचं संकट असेल, नाहीतर लेकीचं लग्न मोडत असेल, तेव्हा. आणि एकदा पायाशी आलेलं पागोटं समोरच्याने उचलून परत डोक्यावर ठेवलं की सगळं माफ, मागचं काही काढायचं नाही. मामा ठेवायला तयार नव्हता. "दाजींनी कारण इचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांनी इचारलंच न्हाई," एवढं मायला म्हणाला आणि त्याच दिवशी नांदेडला निघून गेला.

तेव्हापासून मायने घरात त्याचं नाव काढलं नाही. फक्त भाऊबीजेला ती ताट घेऊन अंगणात जायची आणि चंद्राला ओवाळायची. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी. भाऊ धडधाकट असताना ती चंद्राला ओवाळते हे बघून मला आबांचा असा राग यायचा की दुसऱ्या दिवशी पागोट्याचं टोक मी मुद्दाम ढिलं सोडायची.

मग माझं लग्न ठरलं. औशाकडचं स्थळ. आणि लग्न म्हटलं की मामा आला. नवरीला बोहल्यावर मामा आणतो आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी मामाच उभा राहतो. आबांनी तोडगा काढून ठेवला होता. नायगावाकडे मायचा एक चुलतभाऊ होता, त्याला उभं करायचं. तो भला माणूस होता, पण तंबाखूची पिचकारी कुठे जाईल याचा त्याला स्वतःलाच भरवसा नसायचा.

माय भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "हणमंता मागं उभा न्हाई राहिला तर माझी लेक बोहल्यावर उभी न्हाई राहायची."

आवाज चढला नाही की काही नाही. तव्यावरची भाकरी तिने उलटली. आबा दारात उभे होते ते तसेच उभे राहिले. साखराबाईने, म्हणजे माझ्या मायने, त्यांच्या शब्दाबाहेर शब्द काढलेला मी तोवर ऐकला नव्हता. त्यांनीही नसावा.

"मी नको म्हनलं का?" आबा शेवटी म्हणाले. "येऊ दे की. अट ठाऊक हाय त्याला."

नांदेडला निरोप गेला. उत्तर आलं नाही.

हळदीच्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. अंगभर हळद, हातात चुडा. हळद लागलेल्या नवरीने उंबरा ओलांडायचा नाही, उन्हात तर नाहीच नाही, असा आमच्याकडे दंडक. तेव्हा करायचं काय, तर खिडकीतून बघायचं. शेजारी सुपात दुसऱ्या दिवसाची बाशिंगं ठेवली होती. मी ती हातात घेऊन न्याहाळत होते. वरून बेगड, मोती, रंगीत कागद, सगळा थाट. मागून बघितलं तर नुसतं भेंड. पाणथळीत उगवणाऱ्या झाडाचा पांढराशुभ्र, मऊ गाभा. नखाने दाबलं की खळगा पडतो आणि वजन म्हणाल तर काहीच नाही. लग्नातली सगळ्यात मानाची वस्तू आतून एवढी हलकी, याची मला गंमत वाटत होती.

एवढ्यात बाहेर धावपळ झाली. "साहेब आला, साहेब!" म्हणून कुणी ओरडलं. लढाईचे दिवस होते, सरकारची धान्याची लेव्ही, म्हणजे सक्तीची वसुली, जोरात होती. दोघांनी पटकन पोत्यांवर सतरंजी टाकली आणि वर बसून पान खाऊ लागले. सडकेकडून एक हॅट येत होती. खाकी, टोपलीसारखी घुमटाची, चहूबाजूंनी काठ खाली उतरलेला. त्या काठाची सावली तोंडावर अशी पडली होती की खाली कोण आहे ते कळेना. पोरं मागे, कुत्री त्यांच्या मागे.

"आगं बाई," माय माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली. तिने चाल ओळखली होती.

आबा उंबऱ्याबाहेरच्या पायरीपाशी घोंगडीवर बसले होते, शेजारी गावचे बापूसाहेब देशमुख. गावात तंटा झाला की बापूसाहेबांचा शब्द शेवटचा. मामा मांडवातून सरळ पायरीपर्यंत आला. डफडं वाजवणाऱ्याने हात वरच्या वर थांबवला. मामाने दोन्ही हातांनी हॅट काढली. तोंड लालबुंद, केस घामाने चिकटलेले. तो किंचित डगमगला, खाली बसला, आणि हॅट त्याने पायरीवर ठेवली. आबांच्या पायाच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर.

माझ्या मागे मायने तोंडात पदर कोंबला. बापूसाहेबांनी काठी जमिनीवर आपटली. "झालं! पोरानं मोठेपणा केला. शेषेराव, उचला आता."

आबांचा चेहरा मी खिडकीतून नीट बघितला. त्यांना आनंद झाला होता. लपवता येईना इतका. ते वाकले, हात हॅटीपर्यंत गेला, आणि तेवढ्यात मामा म्हणाला, "दाजी, मी ती पायाशी ठिवली न्हाई. सडकंपासून चालून आलो, डोकं गरगरलं म्हणून काढली. खोटं कशाला सांगू?"

मला त्या क्षणी मामाला धरून हलवावंसं वाटलं. गप्प बसायला काय झालं होतं? पण जन्मभर जमीन मोजणारा माणूस. जेवढी आहे तेवढीच सांगायची सवय. आबांचा हात मागे गेला. मामा उठला, मांडवाबाहेर सडकेच्या कडेच्या लिंबाखाली जाऊन बसला. हॅट मात्र तिथेच राहिली. ती त्याने परत घेतली असती तर सरळ सरळ नकार झाला असता, आणि तेवढा कडूपणा त्याच्याही मनात नव्हता. आबांनी उचलली असती तर माफी झाली असती. म्हणून दोघांनीही हात लावला नाही.

आणि मग मांडवात जी चर्चा सुरू झाली ती माझ्या लग्नाच्या याद्यांपेक्षा लांबली. प्रश्न असा, की समजा ठेवली, तरी हॅट हे पागोटं धरायचं का?

"पागोटं बांधावं लागतंय. ही नुसती घालायची. तिला इज्जत कुठून येनार?" एकाचं म्हणणं.

"मग रुमी टोपी कुटं बांधतेत? तहसीलदाराला जाऊन म्हन की तुला इज्जत न्हाई."

"पागोट्यानं हिरीतून पानी काढता येतंय. हॅटीनं येतंय का?"

"येतंय की! उलटी करून बादलीवानी बुडवायची!"

"पर दोरी कुटं हाय? दोरी पागोट्याचीच लागती ना?"

मग कुणी म्हणालं, पागोटं अंथरता येतं, पांघरता येतं, त्यात भाकरी बांधता येते, साप चावला तर फाडून पाय आवळता येतो. दुसरा म्हणाला, पागोट्याने डोळ्यांवर सावली येते का ते सांग आधी. तेव्हा सगळ्यांनी एकमेकांच्या पागोट्यांखाली बघितलं. सगळ्यांचे डोळे बारीक झालेले, कपाळाला आठ्या. एक जण म्हणाला, "जरा घालून बघावं का?" बापूसाहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून पाणी प्यायला गेला.

"ऊन आमच्या बापजाद्यांना लागलं न्हाई," आबा म्हणाले, "आन् ह्यालाच लागतंय."

बापूसाहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला की हा पेच नवा आहे, यावर विचार करावा लागेल. मग ते तिथेच लोडाला टेकून घोरू लागले.

दुपार उतरेना. बायका येत, जात, पाण्याचे हंडे आणत, पण सगळ्या त्या हॅटीला वळसा घालून. पुरणाचं पातेलं नेणारे दोघे पायरीवर अडले आणि हॅटीला ओलांडावं की बाजूने जावं यावर त्यांचं भांडण झालं. माय चार वेळा उंबऱ्यापर्यंत गेली आणि परतली. तिकडे लिंबाखाली तिचा भाऊ उघड्या डोक्याने बसला होता. सावली सरकत होती तसा तोही सरकत होता. ती नुसती पदराने सुपावरच्या माशा वारत राहिली, आणि सुपावर माशा नव्हत्याच.

मग शेळी आली. आमचीच, तांबडी, एका शिंगाची. सगळ्या मांडवात ज्या वस्तूला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती तिला तिने सरळ तोंड घातलं. कपडा फाटल्याचा आवाज झाला. "हाऽट!" म्हणून दहा जण ओरडले, पण पुढे कुणी जाईना. हाकलताना हॅटीला हात लागला तर? शेळीने काठाचा एक घास तोडला, निवांत चावला, पुन्हा तोंड घातलं.

फाटल्या जागी आतलं पांढरं दिसलं.

मी खिडकीला नाक लावलं. पांढरंशुभ्र, मऊ, कोरडं. मी हातातल्या बाशिंगाची मागची बाजू बघितली, पुन्हा तिकडे बघितलं. साहेबाची हॅट म्हणजे आत लोखंडाचा पत्रा असणार, कातडं असणार, निदान पुठ्ठा तरी, असं सगळं गाव धरून चाललं होतं. मीसुद्धा. आणि हे तर भेंड दिसत होतं! मला राहवेना. मामा, आबा, मानपान, सगळं त्या घटकेला विसरले. ते भेंडच आहे का, एवढंच मला हवं होतं. मी उठले आणि बाहेर निघाले.

"कांता! उंबरा! हळदीचं अंग हाय!" बायका ओरडल्या. "ऊन लागंल!"

उंबऱ्याबाहेर एक पाय टाकून मी वाकले, शेळीच्या तोंडातून हॅट ओढली, नखाने आत दाबलं. खळगा पडला. भेंडच. मग उन्हाचं काय करायचं, तर हातात होतंच की औषध. मी हॅट डोक्यावर घातली आणि पायरी उतरले.

पहिल्यांदा कळलं ते हे, की ती डोक्यावर आहे असं वाटतच नाही. दुसरं, की बाहेरचं जग निवलं. मांडव, सडक, पलीकडची नांगरलेली रानं, सगळं नीट दिसत होतं, डोळे बारीक न करता. अशी मी सगळ्या वऱ्हाडासमोरून चालत गेले. पिवळी धमक नवरी, हिरवा चुडा, वर साहेबाची हॅट. औशाकडची दोन माणसं आदल्या दिवशीच मुक्कामाला आली होती. त्यांनी सासरी जाऊन काय सांगितलं ते मला पुढे दहा वर्षं ऐकावं लागलं.

"मामा," मी लिंबाखाली जाऊन म्हणाले, "ह्यात भेंड हाय!"

सात वर्षांनी भेटलेल्या भाचीने पहिलं वाक्य हे बोलावं, याचं त्याला हसू आलं. "हाव. भेंडच हाय. तुला कसं कळलं?"

मी त्याला बाशिंग दाखवलं. ते हातात तसंच राहिलं होतं. त्याने ते घेतलं आणि माझ्या डोक्यावरच्या हॅटीच्या फाटल्या काठाशी धरून बघितलं. "हे मला बी सुचलं नव्हतं," तो म्हणाला.

"हलकी हाय म्हणून घालतोस का?"

"हाव. मला वजन सोसत न्हाई डोक्यावर. आवळलेलं तर अजिबात न्हाई."

"का?"

त्याने बाशिंग मला परत दिलं. मग म्हणाला, "इतक्या वर्सांत तूच पयली इचारायलीस."

आणि त्याने सांगितलं. आजोबा वारले त्या उन्हाळ्यात, आधीच्याच महिन्यात, कंधाराकडे मोजणी चालू असताना तो दुर्बिणीपाशीच कोसळला होता. डोक्यावर कचेरीची काळी टोपी, सावली कुठेच नाही. ऊन लागलं. नांदेडच्या दवाखान्यात दोन दिवस शुद्ध नव्हती. डॉक्टरने बजावलं होतं, डोकं जप, आवळून काही बांधू नको, उन्हात जायचं तर हॅट घाल. तो उठून बसतो न बसतो तोच बाप गेल्याचा सांगावा आला.

"पागोटं बांधल्यावर डोळ्यांपुढं अंधारी आली," तो म्हणाला. "पंगतीत पडलो असतो. म्हणून गोठ्यात जाऊन काढलं."

"मग तवाच सांगायचं की!"

"कुणाला सांगू? तुझी माय रडून रडून अर्धी झाली हुती. बाप मेला आन् भाऊ बी मरता मरता राहिला, असं सांगू तिला?"

माझ्या मागे काकणं वाजली. माय उभी होती. मला उन्हातून ओढून न्यायला कणकेवरून तशीच उठून धावत आली असणार, कारण तिच्या हातांना पीठ तसंच होतं. तिने सगळं ऐकलं होतं. भावाच्या उघड्या डोक्यावर तिने दोन्ही हात ठेवले, पिठासकट, आणि ते तसेच धरून राहिली. मग मांडवाकडे वळली आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला चारचौघांत हाक मारली.

"आवो, ऐकलं का? माझा भाऊ दवाखान्यात पडला हुता. मरनार हुता. आन् मी चंद्राला ओवाळीत बसले!"

बापूसाहेबही जागे झाले होते. आबा मान खाली घालून बसले होते.

मला वाटलं, आता आपणच काहीतरी करावं. मी तरातरा परत गेले आणि हॅट घातलेलीच आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. हॅट घरंगळली आणि बरोबर त्यांच्या पावलांवर पडली. "घ्या," मी म्हणाले. "मामाच्या डोक्यावरचं तुमच्या पायाशी आलं. फिटली अट."

दोन-चार जण हसले. बापूसाहेबांनी मान डोलावली. आबा हसले नाहीत.

"तुझं डोकं तर येरवी बी माझ्या पायाशी असतंय, त्याचं काय मोल धरू?" ते म्हणाले. "असल्या चलाखीनं अटी फिटत न्हाईत, पोरी. आत जा. ऊन लागंल."

मी रडकुंडीला येऊन आत गेले. पण खिडकीतून बघितलं, तर त्यांनी हॅट उचलून मांडीवर घेतली होती. आतलं हिरवं अस्तर बघत होते. फाटल्या काठाचं भेंड बोटाने दाबत होते. तळहातावर ठेवून तिचं वजन बघत होते. बराच वेळ. मग कुणाकडे न बघता म्हणाले, "मांडव उंबऱ्याच्या भायेर हाय. मांडवात कुनी बी बसावं. त्याला जेवाय वाढा."

मामा मांडवात जेवला. पाहुण्यांत निजला. उंबऱ्याच्या आत आला नाही, आणि आबांनी ये म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्त. अंतरपाट धरला गेला. मामा मला बोहल्यावर घेऊन आला, पाठीशी उभा राहिला, आणि तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की त्याचं डोकं उघडं आहे. हॅट शेळीने खाल्लेली. दुसरं त्याच्याकडे काही नव्हतंच. नवरीच्या मागे उघड्या डोक्याचा माणूस! बायकांत कुजबुज सुरू झाली, भटजी अडखळले. कुणीतरी आपला रुमाल पुढे केला. नायगावचा चुलतमामा तंबाखू थुंकून लगबगीने पुढे येऊ लागला. मायने माझा हात इतका घट्ट धरला की चुड्यातली एक बांगडी फुटली.

आबा पुढे आले. त्यांनी चुलतमामाला हातानेच बाजूला सारलं. मग दोन्ही हात वर करून स्वतःचं पागोटं उतरवलं. ते लेकीच्या लग्नासाठी नवं घेतलेलं, सकाळीच बांधलेलं होतं. कपाळावर लाल वळ होता. भर मांडवात ते उघड्या डोक्याने उभे राहिले आणि त्यांनी पागोट्याचं एक टोक माझ्याकडे दिलं. बोहल्यावर उभ्या असलेल्या नवरीकडे.

"धर," ते म्हणाले. मी सवयीने मागे रेलले.

"ताणू नको," आबा म्हणाले. "ढिलं सोड."

ते मामाच्या डोक्याभोवती एकेक फेर घालू लागले. प्रत्येक फेराला थांबत होते. शेवटचं टोक खोवताना त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "आवळतंय का?"

सात वर्षांपूर्वी विचारायचं ते त्यांनी त्या दिवशी विचारलं. मामाने नुसती मान हलवली, नाही म्हणून.

आबांनी मग पाहुण्याचा तो रुमाल घेतला आणि स्वतःच्या डोक्याला कसाबसा गुंडाळला. अक्षता पडल्या. माझं लग्न लागलं. पंगती बसायच्या आधी आबांनी मामाचं मनगट धरलं आणि त्याला दारापर्यंत नेलं. आमचा दरवाजा ठेंगणा, आत जाताना वाकावं लागायचं. मामा वाकला तशी ती सैल बांधणी घसरून त्याच्या डोळ्यांवर आली, आणि तो उंबऱ्यावरच चाचपडत उभा राहिला. आबांनी दोन्ही हातांनी ती अलगद वर सारली, आणि त्याला आत घेतलं.